नातलगांचा चाचणी-मुक्काम

मरोळच्या गावठाणात राहणाऱ्या गिल्बर्ट कोरियाच्या घरी ईस्टरनंतरच्या आठवड्यात एक अपघात झाला. कुटुंबीयांनी अपघाताची रीतसर चौकशी केली आणि असा निष्कर्ष काढला की, हे घर म्हाताऱ्या माणसाच्या राहण्यास सुरक्षित उरलेलं नाही.

अपघात असा घडला. स्वयंपाकघरातला बल्ब गेला होता. तो बदलण्याची जबाबदारी गिल्बर्टची होती आणि गुड फ्रायडेच्या आधीपासून 'उद्या बदलतो' असं सांगून ती तो पारही पाडत होता. शेवटी एका सकाळी त्याच्या आईने, म्हणजे अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या अँजेलिनाबाईंनी, स्टूल ओढलं, वर चढून बल्ब बदलला आणि त्या उतरू लागल्या. ते गिल्बर्टने पाहिलं. "मम्मी, पडशील!" असं किंचाळत तो धावला, पायपुसण्यावरून घसरला आणि त्याचा पाय घोट्यात मुरगळला. अँजेलिनाबाई सावकाश खाली उतरल्या. त्यांनी बावन्न वर्षांच्या मुलाला काखेत धरून खुर्चीत बसवलं, घोट्याला हळदीचा लेप लावला आणि नव्या उजेडात तांदूळ निवडायला घेतले.

"बघितलंस ना?" गिल्बर्ट कण्हत कण्हत बायकोला म्हणाला. "मम्मीचं आता असं झालंय."

"पण पडलास तू," सिंथिया म्हणाली.

"आज मी पडलो. उद्या ती पडली तर? आणि माझाच पाय असा असताना मी तिच्याकडे बघणार कसा?"

या युक्तिवादात खोट काढण्याची सोय नव्हती, कारण खोट काढणं हाच गिल्बर्टचा धंदा होता. अंधेरीच्या एका कंपनीत तो गुणवत्ता-तपासनीस होता. दुसऱ्यांच्या कामातल्या चुका दाखवण्याचा त्याला पगार मिळे, आणि घरी हेच काम तो हौसेने करी. टोरांटोला असलेल्या बहिणीशी, व्हेनेसाशी, व्हिडिओ कॉल झाला. "मम्मीसाठी बेस्ट असेल तेच करा हं," असं म्हणून तिने ते बेस्ट करण्याचं काम मरोळवर सोपवलं आणि ती झोपायला गेली. अशा रीतीने सर्व संबंधितांशी विचारविनिमय झाला. अँजेलिनाबाई त्या वेळी अंगणात मिरच्या वाळत घालत होत्या, म्हणून त्यांना उगाच त्रास दिला नाही.

दुसऱ्या शनिवारपासून पाहणी सुरू झाली. वधुपरीक्षेला जावं तसे दोघं नवरा-बायको कपडे करून निघत.

बोरिवलीची पहिली संस्था म्हणजे नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा. नाव 'स्वर्गसुख', आणि लिफ्ट बंद. सगळे ज्येष्ठ चौथ्या मजल्यावर.

"मग ते खाली कसे येतात?" गिल्बर्टने विचारलं.

"येतच नाहीत ना सर," व्यवस्थापक अभिमानाने म्हणाला. "म्हणूनच तर आमच्याकडून आजवर एकही ज्येष्ठ हरवलेला नाही. सुरक्षेत आम्ही तडजोड करत नाही."

घाटकोपरची दुसरी संस्था अजून बांधली जात होती, पण नमुन्याचा एक फ्लॅट तयार होता. नमुन्याचा पलंग, नमुन्याचं देवघर, आणि खिडकीशी आरामखुर्चीत नमुन्याचे एक आजोबा पेपर वाचत बसलेले. चेहऱ्यावर असं समाधान की सिंथियाला भरूनच आलं.

"काका, इथे कसं वाटतं?" तिने विचारलं.

"झकास!"

"कधीपासून आहात?"

"दहा ते सहा," आजोबा म्हणाले. "सोमवारी सुट्टी."

तिसरी संस्था मुलुंडला, पार डोंगराच्या कडेला. 'संधिप्रभा ज्येष्ठ जीवन संकुल'. दारातच शर्मिष्ठा नावाच्या हसतमुख बाई भेटल्या. त्या तिथल्या आनंद-समन्वयक होत्या. गिल्बर्टने बोलायला सुरुवात केली, "वृद्धाश्रम म्हणून तुमचा..." आणि बाईंनी कानांवर हात ठेवले.

"सर, तो शब्द नको. इथे कुणी वृद्ध नाही आणि हा आश्रमही नाही. इथे सदस्य असतात."

"आणि सदस्य वारले की?"

"त्याला आम्ही सदस्यत्व-पूर्ती म्हणतो."

गिल्बर्ट प्रभावित झाला. ज्या संस्थेने मरणाचंसुद्धा नाव बदलून घेतलं, तिथे लिफ्ट चालू असणारच. ती चालू होती. कठडे होते, बाथरूममध्ये धरायला दांडे होते, पलंगापाशी बोलावण्याचं बटण होतं. त्याने तरीही बऱ्याच चुका काढल्या. पडद्याचा रंग उदास आहे, चहा कोमट आहे, बागेतला बाक पश्चिमेला तोंड करून आहे. शर्मिष्ठाबाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणूनच आमच्याकडे चाचणी-मुक्काम सक्तीचा आहे सर. दोन दिवस. आजींबरोबर तुम्ही दोघांनीही राहायचं, तेही सदस्य म्हणूनच. तेच जेवण, तेच वेळापत्रक, मोबाईल ऑफिसात जमा. पूर्वी नातलग बाहेरच्या बाहेर तक्रारी करायचे. आता राहून करतात. मग तिसऱ्या दिवशी आमची समिती ठरवते."

"काय ठरवते?"

"कुणाला आमची गरज आहे ते."

आता एवढी पाहणी झाल्यावर खुद्द अँजेलिनाबाईंना सांगणं भाग होतं. त्या अंगणात बसून वाळलेल्या मिरच्यांची देठं काढत होत्या. मे महिना म्हणजे मसाल्याचा महिना. वर्षाचा मसाला भाजून, कुटून, गडद रंगाच्या बियरच्या बाटल्यांत काठीने ठासून भरायचा, ही गावठाणातल्या घराघराची रीत. ज्या घरात मे महिन्यात ठसका उठत नाही, त्या घराला लोक विचारायला येतात, सगळं ठीक आहे ना म्हणून.

"मम्मी, दोन दिवस मुलुंडला जायचंय," गिल्बर्ट म्हणाला.

"कोण मेलं?"

"कुणी नाही गं. असंच. चेंज म्हणून."

"मे महिन्यात कसला चेंज? ऊन फुकट जाईल माझं. तुम्ही दोघं जा."

"तुझ्यासाठीच तर चाललोय. मी आणि सिंथियाने सुट्टी काढलीय."

अँजेलिनाबाईंचा मिरच्यांतला हात थांबला. "तू माझ्याबरोबर राहणार? दोन दिवस?"

"हो."

"आणि तो फोन?"

"जमा करायचा असतो तिथे."

"मंग येते," त्या म्हणाल्या. मिरच्या त्यांनी शेजारच्या माधुरीच्या हवाली केल्या, कपाटातून चर्चमध्ये मिसाला जायचा निळा झगा काढला आणि पत्त्यांचा जोडही पिशवीत टाकला. त्यांना मनापासून आनंद झाला होता. मुलगा त्यांच्याबरोबर शेवटचा सबंध दिवस राहिला होता तो चौथीत कांजिण्या आल्या होत्या तेव्हा. रिकाम्या हाताने कुणाकडे जाऊ नये म्हणून गेल्या सालच्या मसाल्याची शिल्लक बाटलीही त्यांनी कागदात गुंडाळून घेतली.

मुलुंडच्या गेटवर बाळा नावाच्या सुरक्षारक्षकाने पिशवी तपासली आणि बियरची बाटली वर काढली. तो बाटलीकडे बघतो, निळ्या झग्यातल्या आजींकडे बघतो, परत बाटलीकडे बघतो. त्याने लगेच वर कळवलं. शर्मिष्ठाबाई धावत आल्या.

"आजी, लाजू नका," त्या फार प्रेमाने म्हणाल्या. "कितव्या वर्षापासून घेता?"

"लग्न झाल्यापासून," अँजेलिनाबाई म्हणाल्या. "रोज दोन चमचे. रविवारी चार."

"आणि हे कुणाला माहीत आहे?"

"अख्ख्या गावाला. माझ्याकडूनच तर नेतात."

गिल्बर्टने घाईघाईने बूच काढून बाटली बाईंच्या नाकाखाली धरली. त्यानंतर पुढचा अर्धा तास आनंद-समन्वयक कुणाशीच बोलू शकल्या नाहीत. नुसत्या शिंकत होत्या. तरीही नोंद झाली ती झालीच, कारण नोंदीत खाडाखोड करायची नाही असा नियम होता. नवीन सदस्य स्वतःचा साठा घेऊन आल्या आहेत, असं समितीला कळवण्यात आलं.

आणि मग चाचणी-मुक्काम सुरू झाला.

पहिल्या सकाळी गिल्बर्टला जाग आली ती कुणीतरी पडदा सरकवला म्हणून. परिचारिका चहाचा ट्रे घेऊन उभी होती. "गुड मॉर्निंग, काका. झोप लागली का नीट?" ती म्हणाली.

गिल्बर्ट तिच्याकडे बघतच राहिला. झोप लागली का? हा प्रश्न त्याला गेल्या कित्येक वर्षांत कुणी विचारला नव्हता. सकाळी त्याला विचारले जात ते प्रश्न म्हणजे गीझर बंद केलास का, गाडी का आडवी लावलीस आणि तो रिपोर्ट कधी देणार. त्याचे डोळे एकदम भरून आले. "लागली गं," तो म्हणाला आणि पांघरुणात तोंड लपवून घेतलं.

पुढे तर काय, चंगळच. दुखऱ्या पायाला बाथरूममधला दांडा असा काही धार्जिणा होता की गिल्बर्ट कारण नसताना दोनदा जाऊन आला. पलंगापाशीचं बटण त्याने एकदा चाचणी म्हणून दाबलं, तर खरोखर माणूस आला. घरी "सिंथिया, माझा चष्मा कुठाय?" अशी आरोळी ठोकली की लांबून "डोक्यावर बघ!" असं उत्तर यायचं. इथे माणसाने येऊन तो हलकेच डोक्यावरून काढला, पुसला आणि नाकावर ठेवला. गोळ्या वेळेवर हातात आल्या. जेवताना कुणीतरी म्हणालं, "अजून थोडा भात घ्या ना." दुपारी दोन ते चार विश्रांती सक्तीची होती. नियमभंग नको म्हणून गिल्बर्ट एक वाजताच झोपला आणि साडेपाचला उठला.

सिंथियाचं त्याहून वाईट, म्हणजे चांगलं. फोन जमा केल्यावर पहिला तासभर तिचा अंगठा हवेतच हलत होता. मग तो थांबला. सोसायटीचा ग्रुप नाही, बँकेचे ओटीपी नाहीत, ऑफिसातल्या बाईचं 'प्लीज नोट' नाही. संध्याकाळी हॉलमध्ये हाऊझी, म्हणजे तंबोला, झाली आणि सिंथियाला पहिली लाईन लागली. बक्षीस म्हणून तिला एक साबणदाणी मिळाली. लग्नानंतर प्रथमच आपण काहीतरी जिंकलं, असं ती शेजारच्या पंच्याऐंशी वर्षांच्या अंबादासरावांना सांगत होती आणि ते "होतं, होतं, हळूहळू सवय होते" असं म्हणत तिच्या हातावर थोपटत होते.

अँजेलिनाबाई पत्त्यांचा जोड घेऊन बागेतल्या बाकावर बसल्या होत्या. सकाळी बसल्या, दुपारी बसल्या. संध्याकाळी त्या हॉलच्या दारापाशी आल्या.

"गिल्बर्ट, चल ना रे, एक डाव टाकू."

"थांब मम्मी, फुल हाऊसला दोनच नंबर राहिलेत."

"मंग उद्या?"

"उद्या नक्की," गिल्बर्ट म्हणाला. हे 'उद्या' म्हणजे बल्बवालं 'उद्या', हे त्यांना कळायला वेळ लागला नाही. त्यांना वाईट वाटलं. घरी मुलगा भेटत नाही ते कामामुळे, असं त्या इतकी वर्षं समजत होत्या. इथे काम नव्हतं, फोन नव्हता, आणि तरी मुलगा भेटत नव्हता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी रिकामं बसणं सोडून दिलं. बाकाचा हलणारा पाय त्यांनी दगड लावून पक्का केला. अंबादासरावांच्या सदऱ्याची बटणं लावून दिली. मग त्या स्वयंपाकघराकडे वळल्या. सदस्यांना तिथे प्रवेश नव्हता, पण आचारी दमणचा निघाला आणि त्याच्या आजीचं नावही अँजेलिना निघालं, तेव्हा नियमांचा प्रश्नच मिटला. दुपारच्या माशांच्या कालवणात बाटलीतले मोजून चार चमचे पडले.

समितीपुढे आलेल्या घटना-अहवालानुसार त्या दुपारी सात सदस्यांनी परत वाढून मागितलं. एका सदस्याने दोन वर्षांनंतर आपल्या बायकोचं नाव घेतलं. अंबादासराव "वाट लागली रे जिभेची!" असं ओरडत टेबलावर थापा मारू लागले आणि आणखी कालवणासाठी त्यांनी ताट पुढे केलं. दोन ते चारच्या विश्रांतीत कुणीही झोपलं नाही. सगळे गॅलरीत बसून आपापल्या गावच्या माशांबद्दल भांडत होते. आहारतज्ज्ञांनी रक्तदाबाची गोळी घेतली, ती स्वतःसाठी. गिल्बर्ट आणि सिंथिया मात्र गाढ झोपलेले आढळले.

तिसऱ्या दिवशी सकाळी समिती गिल्बर्टच्या खोलीतच बसली. तिघांनाही समोर बसवण्यात आलं. शर्मिष्ठाबाई अजून नाक पुसत होत्या.

"श्रीमती अँजेलिना कोरिया," त्यांनी निकाल वाचला. "चालणं, खाणं, आंघोळ, औषधं, स्मरण. एकाही बाबतीत मदत लागत नाही. उलट दुसऱ्यांना करू लागतात, त्यामुळे आमच्या मदतनिसांना काम उरत नाही. सदस्यांमध्ये भूक, आठवणी आणि वादविवाद पसरवतात. अपात्र."

"म्हणजे?" गिल्बर्ट दचकला. "मम्मीला तुम्ही घेणार नाही?"

"सर, ही सहाय्यित निवासाची जागा आहे. सहाय्य लागत नसेल तर निवास कसा देणार? आता तुमचं." त्यांनी पान उलटलं. "श्री. गिल्बर्ट. स्वतःहून उठता येत नाही. चष्मा स्वतःचा स्वतःला सापडत नाही. गोळ्यांची आठवण करून द्यावी लागते. टॉवेल कुठे असतो हे विचारल्यावर 'सिंथियाला माहीत' असं उत्तर. 'झोप लागली का' या प्रश्नावर रडू. पूर्ण पात्र. सिंथियामॅडम, साबणदाणी उशाशी घेऊन झोपता. तुम्हीही पात्र."

"अहो पण मी बावन्न वर्षांचा आहे!"

"वयाची अट साठ आहे. पण संस्थेच्या घटनेत 'किंवा तत्सम अवस्था' असंही आहे. तत्सम अवस्थेतले तुम्ही या वर्षातले पहिलेच इतके स्पष्ट आहात."

गिल्बर्टने खोट शोधायचा प्रयत्न केला, पण आयुष्यात प्रथमच त्याला सापडेना. अर्जावर जबाबदार कुटुंबीयाची सही लागणार होती. सदस्याच्या देखभालीची काळजी असलेली, शुद्धीवर असलेली, घरातली एक व्यक्ती. सगळ्यांच्या माना आपोआप अँजेलिनाबाईंकडे वळल्या.

"मला इकडे आणताना मला कुणी विचारलं नाय," त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, पण गिल्बर्टने मान खाली घातली. "मी आले ती तुझ्याबरोबर दोन दिवस राहायला आले. माझं घर नको झालं म्हणून नाय. त्या घरात मी लग्न होऊन आले, त्या घरातून मी जाईन तर चौघांच्या खांद्यावर. कळलं?"

"सॉरी, मम्मी."

"पण मी तुला विचारते. तुला काय पाहिजे?"

गिल्बर्टने बायकोकडे पाहिलं. मग पडद्याकडे, मग त्या बटणाकडे. "मम्मी, इथे झोप लागते गं," तो अगदी लहान आवाजात म्हणाला.

अँजेलिनाबाईंना त्याची दया आली. आई होत्या त्या. त्यांनी चष्मा लावला, सही केली, सुनेच्या डोक्यावरून हात फिरवला आणि शर्मिष्ठाबाईंना बाजूला घेऊन म्हणाल्या, "ऐक गो बाय. त्याला रात्री पाणी भरून ठेव. आणि हट्ट केला तर फार मनावर घेऊ नको, स्वभावच आहे त्याचा." मग त्यांनी रिक्षा बोलावली. माधुरीकडच्या मिरच्यांना अजून दोन उन्हं मिळायला हवी होती.

तेव्हापासून गिल्बर्ट आणि सिंथिया संधिप्रभेत आहेत. दिवसभर लॅपटॉपवर ऑफिसचं काम करतात. संस्थेने त्याला छंदवर्ग म्हणून मान्यता दिली आहे. अँजेलिनाबाई एक रविवाराआड येतात. येताना केळी आणतात. पलंगाच्या कडेला टेकतात, "तब्येत बरी ना? जेवता ना नीट? काही कमी नाही ना?" असं विचारतात, आणि गिल्बर्ट काहीतरी लांबलचक सांगायला लागला की "हो का, हो का" म्हणत घड्याळाकडे बघतात. मसाल्याच्या ऑर्डरी असतात, चर्चची मीटिंग असते, संध्याकाळी गावठाणात पत्त्यांचा डाव असतो. "पुढच्या वेळी सवडीने येते हं, आज ट्रॅफिक फार आहे," असं म्हणून त्या निघतात. गिल्बर्ट गॅलरीतून हात हलवत राहतो. गावात कुणी विचारलंच तर त्या सांगतात, "फार छान ठेवतात हो तिकडे. आपण घरी एवढं कुठे करू शकतो? आणि त्यांना त्यांच्यासारखी माणसं भेटतात."

संस्थेने आता तत्सम अवस्थेतल्यांसाठी वेगळी इमारत उघडली आहे. ज्या वाचकांच्या मनात सकाळच्या त्या चहाच्या ट्रेपासून 'एखादी खोली रिकामी असेल का' असं चाललंय, त्यांच्या माहितीसाठी: खोल्या आहेत. फक्त आईची सही लागेल. तेव्हा तिला फोन लावा. बऱ्याच महिन्यांनी लावताय, म्हणून एकदम सहीचं काढू नका. आधी जेवलीस का, वगैरे विचारा. ती घाबरून "काय झालं रे?" म्हणेल. तुम्ही म्हणा, काही नाही गं, सहजच केला. थाप आहे हे तिला कळेल, पण सही ती करेल.